परदेशी भगिनी-मंडळी घ्यावी का? जोडणी, करार, भेट आणि पैसा यांचं परीक्षण

आपली मंडळी, म्हणजे आपलं स्थानिक चर्च, आणि परदेशातली एखादी मंडळी यांनी नाव घेऊन नातं जोडायचं, एकमेकींसाठी प्रार्थना करायची, पत्रं लिहायची आणि जमेल तेव्हा भेटायचं, अशी ही व्यवस्था. ती मिळते तीन वाटांनी: धर्मप्रांताच्या किंवा सिनॉडच्या (अनेक मंडळ्यांच्या प्रादेशिक संघटनेच्या) जोडणीतून, मिशनरी पाठवणाऱ्या जुन्या मिशन बोर्डांच्या वारसदार संस्थांमार्फत, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीतून थेट. हे परीक्षण पास्टोरेट कमिटीसाठी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीसाठी आहे. प्रस्ताव टेबलावर आला की सेक्रेटरी आणि खजिनदारांनी काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं आणि कुठं ठाम नाही म्हणायचं, ते इथं आहे. मत आधीच सांगतो. व्यवस्था घेण्याजोगी आहे, मात्र मैत्रीची वाट आणि पैशाची वाट पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवल्या तरच. भाषेमुळे किंवा अंतरामुळे जोडण्या फारशा मोडत नाहीत. या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या की मोडतात.

चालू आणि जुने नमुने

सर्वात अभ्यासण्याजोगा नमुना अमेरिका आणि टांझानिया यांच्यातला. मिनेसोटातल्या लुथरन मंडळ्यांचा सेंट पॉल एरिया सिनॉड आणि टांझानियातल्या लुथरन चर्चचा इरिंगा धर्मप्रांत यांची जोडणी १९८७ पासून चालू आहे. तिचं स्वाहिली नाव ‘बेगा क्वा बेगा’, म्हणजे खांद्याला खांदा. वर सिनॉड आणि धर्मप्रांत यांची छत्री, खाली एकेका मंडळीची जोडी, अशी दुहेरी रचना आहे आणि हेच तिचं बळ. एखाद्या मंडळीचा पाळक (धर्मगुरू) बदलला किंवा उत्साह ओसरला तरी छत्री जागेवर राहते. माध्यमिक शाळेच्या शिष्यवृत्त्या, इलुलाचं रुग्णालय अशी मोठी कामं एका मंडळीच्या जिवावर चालूच शकत नाहीत. ती छत्रीखाली येतात. अशा रचनेत एक खाच मात्र असते. एका गावाच्या वाट्याला सधन, उत्साही जोडीदार येतो आणि शेजारच्या गावाच्या वाट्याला वर्षातून एक कार्ड पाठवणारा. मग एका चर्चवर नवे पत्रे चढतात आणि दुसरं तसंच गळत राहतं. धर्मप्रांताने समान निधीचा नियम घातला नाही तर ही तफावत मंडळ्यामंडळ्यांत कडवटपणा आणते.

दुसरा नमुना जर्मनीचा. फाळणीनंतर पश्चिमेकडच्या प्रत्येक प्रादेशिक चर्चला पूर्वेकडचं एक चर्च जोडून दिलं होतं: व्युर्टेम्बर्गला थुरिंगिया, हानोव्हरला सॅक्सनी. त्याखाली गावोगावच्या मंडळ्यांच्या जोड्या. कॉफी, चॉकलेट, औषधं यांची पार्सलं जायची. पश्चिमेची माणसं पूर्व बर्लिनमध्ये एका दिवसाच्या परवान्यावर भेटायला जायची. १९८९मध्ये बर्लिनची भिंत पडली, टंचाई संपली आणि बऱ्याच जोड्या थंडावल्या. पार्सलापलीकडे ज्यांचं काही उभं राहिलं नव्हतं, त्यांना पुढे बोलायला विषयच उरला नाही. कोणतीही जोडणी करताना स्वतःला विचारायचा प्रश्न यातूनच मिळतो: उद्या पैशाची गरज संपली तर आपण एकमेकांशी काय बोलू?

मराठी मंडळ्यांना हा प्रश्न नवा नाही. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरचं (आजच्या अहिल्यानगरचं) ठाणं सुरू झालं. त्याच बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४ मध्ये पाहणीसाठी भारतात आले तेव्हा त्यांचा आग्रह होता की इथल्या मंडळ्यांना इथलेच पाळक हवेत, आणि त्यांनी आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः सांभाळावा. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली तेव्हा स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा तो विचार संस्थेच्या रूपात आला. पुढच्याच वर्षी केनियाचे प्रेस्बिटेरियन पुढारी जॉन गाटू यांनी परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा काही काळ थांबवाच, अशी जाहीर मागणी केली आणि जगभर खळबळ उडाली. तेव्हा आज एखाद्या परदेशी मंडळीचं प्रेमाचं पत्र आलं तर हा सगळा इतिहास आपल्या पाठीशी आहे हे कमिटीला ठाऊक असावं. कमिटीत बसणारा माणूस मागणारा म्हणून बसत नाही.

जोडीदार कसा पारखायचा

स्थळ बघताना जेवढी चौकशी होते तेवढी तरी इथं व्हावी. बहुतेक कमिट्या समोरच्यांचा फोटो आणि इमारत बघून खूश होतात. विचारायचं ते वेगळंच असतं. रविवारी प्रत्यक्ष किती माणसं उपासनेला येतात? त्यांत चाळिशीच्या आतले किती? पुढच्या पाच वर्षांत शेजारच्या मंडळीत विलीन व्हायचा किंवा इमारत विकायचा विचार आहे का? युरोप-अमेरिकेत मंडळ्या घटत आहेत, एकत्र होत आहेत. तुमची भगिनी-मंडळी दुसऱ्या दोन मंडळ्यांत विरघळली, तर नव्या मंडळीला तुमचं नावही माहीत नसतं. हा प्रश्न त्यांना उद्धट वाटत नाही. उलट त्यांच्या मनातली काळजी बोलून दाखवायची संधी मिळते.

दुसरी चौकशी पूर्वीच्या जोडण्यांची. त्यांची आधी कुणाशी भागीदारी होती का, ती का थांबली? उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा. तिसरी, त्यांच्याकडे हे काम कोण बघतं. एकच निवृत्त गृहस्थ किंवा एकच बाई सगळं बघत असेल तर जोडणी त्या व्यक्तीच्या तब्येतीवर टांगलेली आहे असं समजा. दोन्ही बाजूंना किमान दोन समन्वयक हवेत, आणि त्यांतला एक पाळक नसावा.

आपल्याकडचा धोका याच जातीचा आहे. पाळकांची बदली होते. ज्या पाळकाच्या मोबाइलमध्ये सगळं नातं साठलेलं असतं तो गेला की नातंही त्याच्यासोबत नव्या गावी जातं. परदेशी माणसांना वाटतं आपण या मंडळीशी बोलतोय आणि प्रत्यक्षात ते एका कुटुंबाशी बोलत असतात. उपाय अगदी साधा आहे. मंडळीच्या नावाचा वेगळा ई-मेल पत्ता काढा, त्याचा पासवर्ड सेक्रेटरीच्या दप्तरात बंद लिफाफ्यात ठेवा, प्रत्येक पत्राची प्रत फायलीत लावा आणि कमिटीच्या मासिक बैठकीत तो विषय कायम कार्यसूचीवर ठेवा.

करारात काय लिहायचं

दोन पानं पुरतात. मुदत तीन वर्षं, आपोआप वाढणारी नको. तिसऱ्या वर्षी दोन्ही कमिट्यांनी ठराव करूनच ती वाढावी. माणसांची नावं न लिहिता पदं लिहा. प्रार्थनेचा रविवार ठरवा, महिन्यातला एकच, पण न चुकता. पत्रांचा क्रम ठरवा: एका महिन्यात त्यांचं, पुढच्या महिन्यात आपलं. भेटी कधी, कुणाच्या खर्चाने, कितीजणांच्या, तेही लिहा.

मग येतं ते कलम जे बहुतेक करारांत नसतं आणि ज्याच्या अभावी सर्वाधिक नुकसान होतं. वैयक्तिक मदतीची मागणी कुणीही थेट करणार नाही आणि वैयक्तिक मदत कुणीही थेट देणार नाही. भेट झाली की व्हॉट्सॲप नंबर बदलले जातात. महिन्याभरात कुणीतरी मुलाच्या फीसाठी, कुणीतरी आईच्या ऑपरेशनसाठी लिहितं. गरज खरी असते. लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण तिकडचा माणूस गोंधळतो, एकाला देतो, दुसऱ्याला नाही म्हणतो, मग अपराधी वाटून बोलणंच कमी करतो. इकडं कुणाला किती मिळालं याची कुजबुज सुरू होते आणि स्त्री-मंडळाच्या सभेत दोन गट पडतात. म्हणून पाहुण्यांना निघण्यापूर्वीच एक ठरलेलं वाक्य द्यावं: “तुमची गोष्ट मी कमिटीला कळवतो.” आपल्या मंडळीतही हे कलम व्यासपीठावरून वाचून दाखवावं, एकदा नव्हे तर प्रत्येक भेटीआधी.

मुलांच्या फोटोंचं कलमही हवंच. पालकांची लेखी संमती, फोटोखाली पूर्ण नाव नको, शाळेचं नाव नको. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मंडळ्यांत मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासण्याची पद्धत आहे. ती आपल्याकडे लागू नसली तरी रविवारच्या शाळेत कोणताही एक प्रौढ मुलांसोबत एकटा राहणार नाही हा नियम दोन्हीकडे सारखा ठेवता येतो.

एकत्र उपासना: घड्याळ आणि आवाज

व्हिडिओवर एकत्र उपासना ही कल्पना सगळ्यांना आवडते आणि पहिल्याच वेळी फसते. आधी वेळेचं गणित. मिनेसोटा हिवाळ्यात आपल्या साडेअकरा तास मागे, उन्हाळ्यात साडेदहा. आपली सकाळी साडेनऊची उपासना तिथं हिवाळ्यात आदल्या रात्री दहाला पडते. तेव्हा अमेरिकेशी जोडायचं तर रविवारी संध्याकाळी साडेसात-आठची प्रार्थनासभा धरा. तिथं सकाळ असते. जर्मनीशी सोपं आहे: तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले हिवाळ्यात दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. खरी फजिती होते ती घड्याळ बदलण्याच्या आठवड्यांत. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आपल्याकडे बदलतच नाही, त्यामुळे लक्षातही राहत नाही. या चार तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा आणि त्या रविवारी जोडणी ठेवूच नका.

आवाजाचं दुसरं दुखणं. झूमसारखी ॲप्स बोलण्याचा आवाज ठेवतात आणि बाकीचा ‘गोंगाट’ म्हणून कापतात. पेटी, तबला, टाळ त्यांच्या लेखी गोंगाटच. सेटिंगमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मोबाइल व्यासपीठासमोर ठेवून काम भागत नाही. मिक्सरमधून तार थेट लॅपटॉपच्या इनपुटला द्या. आणि दोन देशांनी एकाच वेळी एकच गीत गाण्याचा हट्ट सोडा. आवाज पोचायला वेळ लागतो, दुसरी बाजू कायम मागे पडते आणि गाणं कोलमडतं. एकाने गावं, दुसऱ्याने माइक बंद करून ऐकावं, पुढच्या गीताला उलट.

ना. वा. टिळकांची भजनं, संवादिनी आणि टाळ यांच्या साथीने बसून गाणं, घरोघरच्या संध्याकाळच्या प्रार्थना, हंगामाच्या सणाला वेदीपुढे मांडलेली ज्वारीची कणसं आणि नंतरचा लिलाव: हे आपल्याकडचं ऐश्वर्य आहे. घटत्या, वयस्क होत चाललेल्या मंडळ्यांना याची गरज पैशाहून मोठी आहे आणि बऱ्याच भागीदाऱ्यांत ते मागायला कुणाला सुचतच नाही. दर पत्रासोबत एक भजन रेकॉर्ड करून, अर्थाच्या चार ओळींसह पाठवा. भाषांतराचं काम एकाच इंग्रजी येणाऱ्या घराकडे सोपवू नका, नाहीतर परदेशी मंडळीला आपली मंडळी त्या घराच्या खिडकीतून जेवढी दिसेल तेवढीच दिसते. दोन भाषांतरकार, आळीपाळीने. मशीनचं भाषांतर कच्च्या खर्ड्यापुरतं ठीक. चर्चमधले नेहमीचे पन्नासेक शब्द त्यात हमखास बिघडतात, म्हणून त्यांची ठरलेली यादी दोन्हीकडे असावी.

प्रार्थनेच्या यादीबद्दल एक सावधगिरी. आजाराचं नाव, घरातलं भांडण, कुणाचा बाप्तिस्मा होणार आहे अशी माहिती परदेशी मंडळीच्या साप्ताहिक पत्रकात छापली जाते आणि ते पत्रक वेबसाइटवर चढतं. त्यामुळे इंटरनेटवर चाललं असतं तेवढंच लिहा.

भेट: कुणी, कधी, कोणत्या व्हिसावर

येणाऱ्या पाहुण्यांसाठी जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य सर्वात चांगला. त्यांच्या सुट्ट्या जुलै-ऑगस्टमध्ये असतात, तेव्हा आपल्याकडे पाऊस. मे तर नकोच. नाताळात बोलवायचा मोह टाळा, कारण पाळक आणि यजमान घरं दोन्ही त्या दिवसांत पार दमलेले असतात. सहा ते आठ जण, दहा-बारा दिवस. त्याहून मोठा गट आला की भेटीचा दौरा होतो, आणि दोन बसमधून फिरणाऱ्या माणसांशी ओळख होत नाही.

व्हिसाचा भाग शब्दशः पाळा. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला चर्चमध्ये येऊन उपासनेत बसायला, प्रवचन ऐकायला पूर्ण मोकळीक आहे. धर्मोपदेश करणं, प्रार्थनास्थळात धार्मिक भाषण देणं, धार्मिक पत्रकं वाटणं मात्र चालत नाही. तेव्हा पाहुण्या पाळकाला “आजचा संदेश तुम्हीच द्या” असा आग्रह करणं हा पाहुणचार नव्हे, त्याला अडचणीत टाकणं आहे. त्यांच्या मंडळीचं पत्र आपल्या पाळकाने वाचावं, ओळखपाळख उपासनेनंतर जेवणाच्या पंगतीत व्हावी. संदेशच हवा असेल तर मिशनरी व्हिसाचा वेगळा प्रकार आहे, त्यासाठी त्यांच्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे आधी चौकशी करा. परत गेल्यावर पाहुण्यांनी फेसबुकवर ‘मिशन ट्रिप’ असा मथळा देऊन फोटो टाकले तरी पुढच्या वेळी व्हिसाला अडथळा येऊ शकतो; हे त्यांना येण्याआधीच सांगा.

घरी मुक्कामाला ठेवणार असाल तर परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची ऑनलाइन नोंद २४ तासांच्या आत यजमानाने करायची असते. ही ‘सी फॉर्म’ नावाने ओळखली जाणारी नोंद फक्त हॉटेलांसाठी असते हा गैरसमज आहे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आधीच मागवून ठेवल्या तर पंधरा मिनिटांचं काम.

आपली माणसं जाताना निवड फार महत्त्वाची. पाळक आणि पाळकीणबाई हेच दरवेळी जातात तिथं मंडळीचा रस संपतो. पाचजणांचा गट असेल तर त्यात किमान दोन स्त्रिया, तिशीच्या आतले दोघे आणि कमिटीतला एक असावा. पुन्हा तेच ते नको. अमेरिकेच्या बी-१/बी-२ (भेटीच्या) व्हिसाचं शुल्क १८५ डॉलर आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. आमंत्रणपत्राने फारसा फरक पडत नाही. अर्जदार परत येईल असं अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे. नोकरी नसलेल्या, अविवाहित तरुणांना म्हणूनच जास्त नकार येतात. पर्यायी दोन नावं आधीच ठरवा आणि नकार आलेल्याच्या शुल्काचा भार कुणावर, तेही ठरवा. युरोपातल्या बहुतेक देशांना एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी आरोग्य विमा लागतो. जर्मनीत यजमान आपल्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन पाहुण्याच्या खर्चाची औपचारिक हमी देऊ शकतो. ते कागद अर्जासोबत असले की काम बरंच हलकं होतं. तयारी आठ-नऊ महिने आधी सुरू करा.

पैसा: इथंच सगळं ठरतं

नियम एका वाक्यात असा: परदेशी स्रोताकडून मंडळीसाठी आलेली कोणतीही रक्कम किंवा वस्तू ही परदेशी योगदान (नियमन) कायदा, २०१० म्हणजे एफसीआरएच्या कक्षेत येते. रक्कम डॉलरमध्ये आली की रुपयांत, याने फरक पडत नाही; देणारा कोण यावर ठरतं. पाहुण्याने एटीएममधून रुपये काढून दानार्पणाच्या थैलीत टाकले तरी ते परदेशी योगदान. बॅगेतून आणलेला प्रोजेक्टर मंडळीला भेट दिला तरी तेच. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला मराठी माणूस स्वतःच्या बचतीतून देतो तेव्हा तो परदेशी स्रोत ठरत नाही. ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेला भारतीय वंशाचा माणूस, मात्र ठरतो. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या माजी सभासदांच्या देणग्या घेताना खजिनदाराने हा फरक पावतीपुस्तकातच नोंदवावा.

एफसीआरए नोंदणी नसेल तर एक रुपयाही घेऊ नका. सर्रास होणारी चूक अशी की तिकडचा खजिनदार सोय म्हणून पाळकाच्या वैयक्तिक बचत खात्यात पैसे टाकतो. हेतू निर्मळ असला तरी हा गुन्हा होतो आणि जबाबदारी पाळकाच्या डोक्यावर येते.

नोंदणी कुणाची, हा पुढचा प्रश्न. २०२०च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला आलेलं परदेशी योगदान दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, दुसरीची नोंदणी असली तरीही. तुमची मंडळी धर्मप्रांताच्या नोंदणीकृत संस्थेचाच घटक असेल तर तो खर्च त्या संस्थेचा स्वतःचा खर्च म्हणून होऊ शकतो. मंडळीचा वेगळा सार्वजनिक न्यास असेल तर धर्मप्रांताच्या खात्यातून तिकडं पैसे देता येत नाहीत. आधी न्यासाची कागदपत्रं काढून हे बघा; जाणकार सीएला दाखवा. बोलणी वर्षभर चालवून शेवटी इथं अडकणं हा अनुभव दोन्हीकडच्या मंडळ्यांना निराश करतो.

स्वतःची नोंदणी हवी असेल तर अर्ज एफसी-३ए. संस्थेला किमान तीन वर्षं झालेली असावीत आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला असावा. शुल्क १०,००० रुपये. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, पदाधिकाऱ्यांचे आधार आणि प्रतिज्ञापत्रं लागतात. खातं भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडावं लागतं. त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही, जवळच्या शाखेमार्फत कागद जातात. परदेशी रक्कम आधी त्या खात्यात, मग तिथून स्थानिक वापर-खात्यात. त्या वापर-खात्यात परदेशी रकमेशिवाय दुसरा एक रुपयाही पडू देऊ नका.

लहान मंडळीला तो १५ लाखांचा निकष पुरा होत नाही. तिच्यासाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे: अर्ज एफसी-३बी, शुल्क ५,००० रुपये, एक ठरलेला देणगीदार, एक ठरलेलं काम, ठरलेली रक्कम, आणि देणगीदाराचं तसं वचनपत्र. भगिनी-मंडळीच्या जोडणीला हा मार्ग एरवी जास्त जुळतो, कारण काम आधी नेमकं ठरवावंच लागतं. एप्रिल २०२५च्या सूचनेनुसार परवानगीपासून तीन वर्षांत रक्कम घ्यायची आणि चार वर्षांत वापरायची. इमारतीच्या कामात ही मुदत सहज निसटते, म्हणून कंत्राटदाराचं वेळापत्रक हातात आल्यावरच अर्ज करा.

नोंदणीनंतरचं ओझंही मोजा. वार्षिक विवरण एफसी-४ दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत, त्या वर्षी काहीही आलं नसेल तरी शून्याचं. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. प्रमाणपत्र पाच वर्षांचं. नूतनीकरणाचा एफसी-३सी अर्ज मुदत संपण्याच्या किमान चार महिने आधी. कमिटीची निवडणूक झाली, पदाधिकारी बदलले की एफसी-६ई. हा शेवटचा अर्ज हमखास विसरला जातो, आणि नूतनीकरणाच्या वेळी जुन्या सेक्रेटरीच्या सह्या शोधत फिरावं लागतं. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा प्रत्येक अर्जाआधी गृहमंत्रालयाच्या पोर्टलवरच्या ताज्या सूचना वाचाव्यात.

एवढं सगळं वाचून दमछाक झाली असेल, तर आमची शिफारस ऐका: पहिली तीन वर्षं पैसा पूर्ण बाजूला ठेवा. पाहुण्यांनी हॉटेल, गाडी, रेल्वे यांची बिलं थेट संबंधितांना भरावीत; तो मंडळीला दिलेला निधी होत नाही. आणि देण्याची इच्छा दोन्हीकडे असतेच, तिला अशी वाट द्या: हंगामाच्या सणाच्या दानार्पणातला ठरलेला भाग आपण आपल्या तालुक्यातल्या एखाद्या वसतिगृहाला भगिनी-मंडळीच्या नावाने द्यायचा, आणि त्यांनी त्यांच्या गावातल्या अन्नछत्राला आपल्या मंडळीच्या नावाने. परदेशी पैसा सीमा ओलांडत नाही. आपल्याकडून परदेशात देणगी पाठवणंही मंडळीच्या न्यासाला सोपं नाही, कारण रिझर्व्ह बँकेची बाहेर पैसे पाठवण्याची खुली सवलत व्यक्तींपुरती आहे. दोन्ही बाजू एकाच दिवशी देतात, पावत्यांचे फोटो एकमेकींना पाठवतात. ज्या गावात आपण राहतो तिथल्या गरजूंपर्यंत हे दान पोचतं आणि कोण देणारं, कोण घेणारं हा भेद उरत नाही.

कुणी थांबावं

पाळक नुकतेच बदललेत, कमिटीत वाद कोर्टात आहे, मालमत्तेच्या कागदांवर दावे चालू आहेत, तर आत्ता नाही. परदेशी मंडळीला नकळत एका गटाच्या बाजूने ओढलं जातं आणि तिच्या पत्राचा उपयोग सभेत पुरावा म्हणून होतो. इमारतीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक हीच तातडी असेल तरीही थांबावं. त्यासाठी स्थानिक वर्गणी आणि धर्मप्रांताचा निधी हेच मार्ग आहेत. भजनं गाणारे लोक आहेत, पत्र लिहायला बसणारे दोघेतिघे आहेत आणि पेपर नीट ठेवणारा सेक्रेटरी आहे, अशी मंडळी कितीही लहान असली तरी तिने बिनधास्त पाऊल टाकावं.

मुदत संपल्यावर थांबायचं ठरलं तर शेवटचं पत्र दोन्ही कमिट्यांच्या सह्यांनी काढा आणि दोन्हीकडे एकाच रविवारी वाचा. समन्वयकांच्या फोनमधले गट बंद करा, सामाईक ई-मेलवरचा पत्रव्यवहार छापून वर्षवार बांधा आणि त्याची एक प्रत धर्मप्रांताच्या कचेरीत द्या. पूर्वपरवानगीची रक्कम शिल्लक असेल तर तिचा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय खातं बंद करायला जाऊ नका.